दोन घास कमी, दोन वर्षं जास्त?

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, ओरॅकल नावाच्या गावाजवळ, काचेची एक अजस्र इमारत आहे. तीन एकरांहून जरा मोठी. तिचं नाव 'बायोस्फिअर २'. मग बायोस्फिअर १ कुठं आहे? त्याच्यावर तुम्ही आत्ता बसला आहात! बायोस्फिअर १ म्हणजे आपली पृथ्वी. या काचघरात एक छोटंसं जंगल होतं, खारफुटी होती, पोवळी असलेला इवलासा समुद्र होता आणि एक शेत होतं. २६ सप्टेंबर १९९१ रोजी चार बायका आणि चार पुरुष आत गेले आणि हवाबंद दार लागलं. दोन वर्षं आतच राहायचं आणि आत पिकेल तेच खायचं, असा नियम.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडते ती त्यांची शेती. गहू, भात, रताळी, बीट, शेंगदाणे, केळी, पपई आणि चक्क वाल! हो, ज्याचं आपण बिरडं करतो तोच वाल. आतल्या आठ जणांत जेन पॉइंटर नावाची एक तरुणी होती. तिनं पुढं एका भाषणात सांगितलं, की काचघरात एक पिझ्झा करायला तिला चार महिने लागले. लागणारच! आधी गहू पेरा, तो वाढायची वाट बघा, कापा, झोडपा, दळा. चीज हवं असेल तर शेळीला चारा घाला आणि दूध काढा. आणि जेननं रताळी इतकी खाल्ली, की तिची कातडी नारिंगी दिसायला लागली. तिकडची रताळी आतून गाजरासारखी केशरी असतात, आणि तो रंग फार खाल्ला तर खरोखरच कातडीत उतरतो.

पण शेतीचा अंदाज चुकला. ढगाळ दिवस जास्त आले, किडींनी पिकं खाल्ली. दिवसभर शेतात राबायचं आणि ताटात मात्र बेताचंच. पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला सुमारे १,७८० कॅलरी येत होत्या. पुरुषांचं वजन सरासरी १८ टक्क्यांनी घटलं. म्हणजे ७० किलोचा माणूस साडेसत्तावन्न किलोवर आला असं समजा. बायकांचं १० टक्क्यांनी घटलं.

आता गंमत ऐका. या आठ जणांत एक डॉक्टर होते, रॉय वॉलफर्ड. वय ६७, सगळ्यांत मोठे. ताटं रिकामी दिसू लागली तेव्हा या डॉक्टरांचं कुतूहल जागं झालं. कारण लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षं एकच उद्योग केला होता: उंदरांना कमी खायला घालायचं आणि ते किती जगतात ते मोजायचं. आणि इथं आठ माणसं आपोआप त्याच प्रयोगात सापडली होती! वॉलफर्ड सगळ्यांचं रक्त तपासत राहिले. रक्तातलं कोलेस्टेरॉल सरासरी १९१ वरून १२३ वर आलं. रक्तदाब उतरला, साखर उतरली. मोठ्या माणसांना डॉक्टर जे आकडे खाली आणायला सांगतात, ते सगळेच खाली आले होते.

मग प्रश्न पडतोच, की कमी खाल्लं तर माणूस जास्त जगतो का?

उत्तर शोधण्याआधी कॅलरी म्हणजे काय ते पाहू. एक लिटर पाणी एका अंश सेल्सिअसनं तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी म्हणजे खाण्याच्या हिशेबातली एक कॅलरी. अन्नातून शरीराला किती ऊर्जा मिळते, ते या मापानं मोजतात. एका मध्यम पोळीत साधारण शंभर कॅलरी धरा. म्हणजे 'कमी कॅलरी' आणि 'उपास' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण तुम्ही घरी ऐकली असेलच. साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप घालून केलेली खिचडी मनसोक्त खाल्ली, तर उपासाच्या दिवशी कॅलरी रोजच्यापेक्षा वाढतातसुद्धा.

आता थोडं मागं जाऊ, १९३५ सालात. न्यू यॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी पांढऱ्या उंदरांच्या काही पिल्लांना भरपूर खायला दिलं आणि काहींना मोजून कमी. पण जीवनसत्त्वं, क्षार, प्रथिनं मात्र कमी खाणाऱ्यांनाही पुरेशी दिली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. त्या काळी सगळ्यांना वाटायचं, की जे पिल्लू झपाट्यानं वाढतं तेच धट्टंकट्टं आणि दीर्घायुषी. झालं उलटंच! कमी खाणारे नर उंदीर पोटभर खाणाऱ्या नरांपेक्षा कितीतरी जास्त जगले. शास्त्रज्ञ चक्रावले. पुढं यीस्टवर, पाण्यातल्या पिसवांवर, कोळ्यांवर, माशांवर असे प्रयोग झाले आणि पुष्कळ वेळा तेच दिसलं.

पण मॅकेच्या उंदरांची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला तुमच्यापासून अजिबात लपवायची नाही. ते उंदीर बुटके राहिले. त्यांची वाढच अडली होती.

म्हणून लगेच दुसरा प्रयोग सांगतो. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं आणि युरोपात लाखो लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा धडधाकट कसं करायचं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. मग अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ साली ३६ तरुणांना बोलावलं. ते सगळे आपणहून आले होते. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. बटाटे, सलगम, काळपट ब्रेड, मॅकरोनी असलंच खाणं. त्यांचं वजन जवळजवळ पावपटीनं उतरलं. भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायची. जिने चढवेनात. चिडचिड व्हायची, कशात लक्ष लागायचं नाही. डोक्यात फक्त खाणं! काही जण तासन्‌तास पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटून पुसून लख्ख करायचे. पोटाला आणि मनाला उपासमार काय करते, ते त्या तरुणांनी जगाला दाखवलं. मला त्या मुलांबद्दल फार आदर वाटतो.

तेव्हा दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवा. उंदरांना कॅलरी कमी होत्या, पण बाकीचं पोषण पुरेसं होतं. मिनेसोटाच्या तरुणांच्या ताटात ऊर्जाही फार कमी होती आणि पोषणही. शास्त्रज्ञ ज्याचा अभ्यास करतात ते पहिलं. दुसरी उपासमार.

बरं, पण कमी खाल्ल्यानं आयुष्य वाढेलच कसं? गाडीत पेट्रोल कमी टाकलं तर ती जास्त लांब जाते का? नाही ना? पण पेशी गाडीपेक्षा फार हुशार असते. ही हुशारी ज्यांनी डोळ्यांनी पाहिली ते जपानचे योशिनोरी ओसुमी. पाव फुगवायला जे यीस्ट वापरतात, ते एकेका पेशीचे इवलेसे जीव असतात. टोकियोतल्या आपल्या प्रयोगशाळेत ओसुमींनी १९८८ साली त्या यीस्टला उपाशी ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. यीस्टच्या पोटात एक पिशवी असते, तिथं टाकाऊ वस्तूंची विल्हेवाट लागते. ओसुमींनी मुद्दाम असं यीस्ट घेतलं होतं, ज्याच्या पिशवीत वस्तू जात होत्या पण विरघळत नव्हत्या. काही तासांतच पिशवीत बारीक बारीक गोळे जमले आणि टणाटण उड्या मारू लागले! पेशी स्वतःचेच जुने, मोडके भाग गोळा करून पिशवीत नेत होती.

आपल्याकडं आजी जुनी लुगडी टाकून देत नाही, त्यांची गोधडी शिवते. नवं कापड मिळत नसेल तर घरातली प्रत्येक चिंधी कामाला येते. उपाशी पेशी तेच करते. बाहेरून माल येत नाही म्हटल्यावर ती आतला मोडका माल उसवते आणि त्यातून हवं ते नवं करते. त्यात कचराही साफ होतो. या कामाला ऑटोफॅजी म्हणतात, आणि ते उलगडून दाखवल्याबद्दल ओसुमींना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळालं. अन्न मुबलक असलं की पेशी वाढायच्या मागं लागते आणि अन्न बेताचं असलं की डागडुजीच्या, असा हा साधारण हिशेब आहे. बुटक्या पण दीर्घायुषी उंदरांचं कोडं इथं थोडंसं सुटतं.

उंदरांवरून एकदम माणसावर उडी मारणं बरं नाही. मध्ये कुत्रा येतो! अमेरिकेत प्युरिना या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतली दोघं सख्खी भावंडं. एकाला जेवढं खाणं मिळेल त्यापेक्षा पाव हिस्सा कमी दुसऱ्याला. सगळी कुत्री म्हातारी होईपर्यंत हे चाललं. जास्त खाणाऱ्यांपैकी निम्मी कुत्री ११.२ वर्षांपर्यंत गेली होती. कमी खाणाऱ्यांपैकी निम्मी जायला १३ वर्षं लागली. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं जास्त! शिवाय त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. तुमच्या घरी कुत्रा असेल आणि तो लाडानं गोल गरगरीत झाला असेल, तर पशुवैद्यांना त्याच्या खाण्याचं माप जरूर विचारा.

आता माकडं. हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात भांडणाचा प्रयोग!

वॉलफर्ड डॉक्टरांचा एक विद्यार्थी होता, रिचर्ड वाइंडरुक. तो पुढं विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला गेला आणि तिथं १९८९ साली रीसस माकडांवर प्रयोग सुरू झाला. रीसस म्हणजे दिल्ली-मथुरेकडं पर्यटकांच्या हातातून खाऊ पळवणारी माकडं. आपल्या सह्याद्रीत दिसतं ते लाल तोंडाचं माकड त्यांचं जवळचं भावंड, पण जात वेगळी. एकूण ७६ माकडं. निम्म्यांना हवं तेवढं खाणं, निम्म्यांना ३० टक्के कमी, पण जीवनसत्त्वं भरपूर. माकड पंचवीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे विचार करा, प्रयोग सुरू करणारा तरुण शास्त्रज्ञ उत्तर मिळेपर्यंत स्वतःच म्हातारा होणार! असा धीर लागतो या कामाला.

२००९ साली या माकडांचे फोटो जगभर गाजले. एक कँटो, वय २७, कमी खाणारा. दुसरा ओवेन, वय २९, पोटभर खाणारा. वयात फरक जेमतेम दोन वर्षांचा. पण कँटोचे केस दाट, अंग ताठ, डोळे चमकदार. ओवेनचे केस विरळ, कातडी सुरकुतलेली, गाल लोंबलेले. तोवर पोटभर खाणाऱ्यांपैकी ३७ टक्के माकडं म्हातारपणाच्या आजारांनी गेली होती, आणि कमी खाणाऱ्यांपैकी फक्त १३ टक्के.

झालं, प्रश्न सुटला! असं वाटलं आणि तीनच वर्षांनी दुसरा निकाल आला. मेरिलँड राज्यात सरकारी संस्थेनं साधारण तसाच प्रयोग १९८७ पासून चालवला होता. त्यांनी २०१२ साली सांगितलं, की आमची कमी खाणारी माकडं काही जास्त जगली नाहीत.

आता? कोण खरं, कोण खोटं? इथं दोन्ही गटांनी जे केलं त्याबद्दल मला शाबासकी द्यावीशी वाटते. ते एकमेकांवर ओरडत बसले नाहीत. त्यांनी आपापल्या वह्या एकमेकांसमोर ठेवल्या आणि सगळे आकडे एकत्र तपासले. मग कळलं, की दोन्हीकडचं खाणं वेगळं होतं. मॅडिसनच्या खाण्यात साखर २८ टक्क्यांहून जास्त होती! मेरिलँडच्या खाण्यात चार टक्क्यांच्या आत. शिवाय मॅडिसनची 'पोटभर' माकडं खरोखर वाटेल तितकं खायची. मेरिलँडच्या 'पोटभर' माकडांनासुद्धा खाणं मोजूनच मिळायचं. म्हणजे ती आधीच बेतानं जेवत होती, त्यांच्याशी तुलना करून फरक दिसणार कुठून? २०१७ साली दोन्ही गटांनी मिळून सांगितलं, की कमी खाण्याचा माकडांच्या तब्येतीला फायदा होतो, पण तो केव्हा सुरू केलं, काय खाल्लं आणि किती खाल्लं यावर अवलंबून असतो. मेरिलँडच्या एका माकडानं तर कमाल केली. त्याचं खाणं सोळाव्या वर्षी कमी केलं होतं आणि ते ४३ वर्षं जगलं. रीसस माकडांत हा विक्रम आहे.

पोटभर खाणं नेमकं किती, हा प्रश्न जुनाच आहे म्हणा. आयुर्वेदातल्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात वाग्भटानं सांगितलंय, की पोटाचे चार भाग कल्पावेत, दोन अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक मोकळा ठेवावा. पण हे आजमावून बघायला माकडांसारखं माणसांना आयुष्यभर मोजून कसं जेवू घालणार? म्हणून अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दोन वर्षांचाच प्रयोग केला. २१ ते ५० वर्षांची दोनशेहून जास्त माणसं, कुणीही लठ्ठ नाही. त्यांतल्या मोठ्या गटाला सांगितलं, की रोजच्या कॅलरी पाव हिस्सा कमी करा. जमलं का? नाही! अर्धवटच जमलं. सरासरी १२ टक्केच कमी झाल्या, म्हणजे दिवसाला सुमारे ३०० कॅलरी. आपल्या हिशेबानं तीनेक पोळ्या.

तरीसुद्धा फरक दिसला. वजन साधारण १० टक्क्यांनी उतरलं, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब सुधारले. रक्तातल्या डीएनएवरच्या खुणांवरून शरीर किती वेगानं म्हातारं होतंय याचा अंदाज बांधता येतो. तो वेग दोन-तीन टक्क्यांनी मंदावलेला दिसला. थोडासाच, पण दिसला. त्यासोबत एक वाईट गोष्टही दिसली, हाडांची घनता जराशी कमी झाली. आणि ही माणसं जास्त वर्षं जगतील का, हे दोन वर्षांच्या प्रयोगातून कळणं शक्यच नाही.

शेवटचा एक प्रयोग सांगतो, कारण तो अगदी ताजा आहे आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. २०२४ साली अमेरिकेतल्याच शास्त्रज्ञांनी उंदरांच्या ९६० माद्यांची हकिकत छापली. या माद्या मुद्दाम एकमेकींहून वेगळ्या निवडल्या होत्या, जशी तुमच्या वर्गातली मुलं एकमेकांहून वेगळी असतात. पोटभर खाणाऱ्या सरासरी २५ महिने जगल्या, ४० टक्के कमी खाणाऱ्या ३४ महिने. पण एकाच गटात, एकाच खाण्यावर, कुणी काही महिन्यांतच गेली तर कुणी चार वर्षांच्या पलीकडं जगली! खाण्यापेक्षा आईबापांकडून मिळालेल्या जनुकांचा वाटा मोठा निघाला. आणि कमी खाऊनही ज्यांचं वजन फारसं उतरलं नाही, त्याच जास्त जगल्या. म्हणजे 'जितके बारीक तितकं आयुष्य मोठं' हे काही खरं नाही.

वॉलफर्ड डॉक्टर स्वतः काचघरातून बाहेर आल्यावरही बेतानंच जेवत राहिले. ते २००४ साली, ७९व्या वर्षी मज्जातंतूंच्या एका दुर्धर आजारानं गेले. एका माणसाच्या आयुष्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे त्यांनीच आधी सांगितलं असतं.

आता तुमचं काय? एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? माणसांच्या प्रयोगात सगळ्यात लहान माणूस २१ वर्षांचा होता. एकही मूल नव्हतं, आणि ते अगदी बरोबर होतं. बुटके राहिलेले उंदीर आठवा. तुमची हाडं लांब होताहेत, मेंदूत रोज नव्या जोडण्या होताहेत, आणि त्या सगळ्याला माल लागतो. बारीक दिसण्यासाठी ताट अर्धं ठेवणाऱ्या मित्रमैत्रिणी तुमच्या वर्गात असतील, तर त्यांना हे नक्की सांगा, आणि घरातल्या मोठ्यांच्या कानावरही घाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं कुणाला दिवसाला किती कॅलरी लागतात ते ठरवून दिलंय. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २,११० आणि बैठं काम करणाऱ्या बाईला १,६६०. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र २,४०० आणि त्याच वयाच्या मुलाला २,८६०. म्हणजे ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्या बाबांपेक्षा तुमचं ताट मोठं असायलाच हवं.